बर्फाळ नदीतली माहेरवाशीण

मार्च महिना म्हणजे आपल्याकडे पोरांच्या परीक्षा, होळी आणि माळ्यावरून खाली उतरवलेला टेबलफॅन. त्याच दिवसांत अमेरिकेच्या उत्तरेला, मिशिगन राज्यातल्या बाल्डविन या छोट्याशा गावाजवळ नदीकाठी अजून बर्फ साचलेला असतो, रानात ओकच्या फांद्या उघड्याबोडक्या असतात आणि नदीचं पाणी जेमतेम चार-पाच अंशांवर असतं. हात बुडवला तर कळ थेट मस्तकात जावी असं पाणी! आणि त्या पाण्यात माणसं कमरेपर्यंत उतरून तासन् तास उभी असतात. छातीपर्यंत चढवलेली रबरी विजार, आत लोकरीचे दोन थर, हातात दहा फुटांची लवलवती काठी. काठीवरच्या कड्यांमधून दोरी सरकते. त्या कड्यांत बर्फाचे खडे धरतात, ते मधूनमधून बोटांनी फोडावे लागतात. एवढा उपद्व्याप करून दिवसाअखेरी एखादा मासा लागलाच, तर तो काय करायचा? हळूच सोडून द्यायचा.

मासळीवर जीव असलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण या वेडामागे एका माशाची गोष्ट आहे. माशाचं नाव स्टीलहेड आणि नदीचं नाव पेर मार्केट. नावात मार्केट असलं तरी बाजाराशी तिचा काही संबंध नाही. १६७५ साली मिशिगन सरोवराच्या काठी देह ठेवलेल्या मार्केट या फ्रेंच पाद्र्याचं हे नाव.

एक गावी, एक परगावी

स्टीलहेड म्हणजे वेगळी जात नव्हे, हे आधी सांगायला हवं. मनालीला गेलेल्या मंडळींनी हॉटेलात ट्राऊट खाल्ला असेल. कुलूजवळच्या पतलीकुहलच्या सरकारी केंद्रात आणि खोऱ्यातल्या खासगी टाक्यांत वाढवला जातो तो रेनबो ट्राऊट. त्याच्या अंगावर गुलाबी पट्टा असतो. (काश्मीरचा प्रसिद्ध ट्राऊट मात्र ब्राऊन. तो १९०० साली ब्रिटनहून अंड्यांच्या रूपात आला.) मनालीच्या ताटातला हा रेनबो आणि अमेरिकेतला स्टीलहेड हे एकाच जातीचे मासे. फरक इतकाच, की रेनबो जन्मभर नदीतच राहतो आणि स्टीलहेड वयात येताना समुद्राकडे निघून जातो.

कोकणातल्या घरात दोन भाऊ असावेत तसं हे. एक गावी राहून शेती बघतो. दुसरा मुंबई गाठतो, अंगापिंडाने भरतो आणि गणपतीला सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असा परत येतो. नदीत राहिलेला रेनबो किलो-अर्ध्या किलोचा असला, तर मोठ्या पाण्यात दोन-तीन वर्षं काढून आलेला स्टीलहेड तीन ते पाच किलोंचा असतो. मोठ्या पाण्यात त्याचा गुलाबी पट्टा पुसला जातो आणि अंग पोलादासारखं चकाकू लागतं. नावातलं ‘स्टील’ ते हेच.

मिशिगनला समुद्र नाही, सरोवर आहे. पण हे सरोवर म्हणजे आपलं रंकाळा किंवा पवई नव्हे. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईसह अख्ख्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा घराएवढ्या उसळतात. स्टीलहेडने त्यालाच समुद्र मानलं. पश्चिम किनाऱ्यावरचे सोवळे लोक म्हणतात, खाऱ्या पाण्यात न गेलेला तो कसला स्टीलहेड! पण गळाला लागल्यावर तो ज्या तऱ्हेने उसळी घेतो, ते पाहून हा वाद घालायला सहसा कोणी थांबत नाही.

वासावरून घर

बर्फ वितळू लागला, एखादा पाऊस पडला, नदी थोडी चढली, की सरोवरात वाट बघत असलेले मासे लडिंग्टन गावाजवळच्या मुखातून नदीत शिरतात. काही तर आदल्या शरद ऋतूतच येऊन खोल डोहांत हिवाळा काढून बसलेले असतात. पेर मार्केटच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, त्यामुळे वाट मोकळी. प्रवाहाविरुद्ध पोहत ते वर वर जातात आणि बहुतेक करून जिथे जन्मले त्याच भागात पोचतात. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी यावं, तसंच. फरक असला तर एवढाच, की इथे नवरेही मागोमाग येतात आणि आपसांत भांडतात.

त्यांना घर सापडतं कसं? हे कोडं सोडवण्यात शेजारच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर यांचा मोठा वाटा आहे. १९४६ साली ते युटामधल्या आपल्या गावाकडच्या डोंगरात फिरत होते. धबधब्याजवळच्या झाडापाल्यांचा वास आला आणि लहानपणीचे मित्र, विसरलेली नावं एकदम डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांच्या मनात आलं, माशांचंही असंच तर नसेल? प्रत्येक ओढ्याची माती वेगळी, झाडं वेगळी, म्हणून पाण्याचा वासही वेगळा. पुढे प्रयोगांमधून हे खरं ठरलं. १९७० च्या दशकात त्यांच्या चमूने स्टीलहेडच्या भाऊबंदांपैकी कोहो सामन या माशाच्या पिल्लांना एका रसायनाच्या वासात वाढवून मिशिगन सरोवरात सोडलं आणि पुढे तोच वास एका ओढ्यात मिसळला. मोठे झालेले मासे बरोबर त्या ओढ्यात येऊन हजर!

माहेरी पोचल्यावर मादी वाळू सोडून वाटाण्या-सुपारीएवढ्या खड्यांची जागा शोधते. जिथून पाणी सतत खेळतं राहील अशी उथळ जागा. मग ती कुशीवर होते आणि शेपटीचे फटकारे मारून खड्यांत खळगा करते. त्यात गाभोळी सोडते, नर ती फळवतो, आणि मादी थोडी वर सरकून पुन्हा खणू लागते. वरचे खडे वाहत येऊन खालची अंडी झाकतात. पांघरूण घालायची ही तऱ्हा! काही हजार अंडी अशी चार-पाच खळग्यांत जातात. पाणी दहा अंशांचं असेल तर महिन्याभरात पिल्लं फुटतात, थंड असेल तर दोन महिनेही लागतात. फुटल्यावरही ती पोटाला बलकाची शिदोरी बांधून काही आठवडे खड्यांतच दडून राहतात.

सामन मासा अंडी घालून मरतो. स्टीलहेडचं तसं नाही. खंगलेला, शेपटी झिजलेला का होईना, तो सरोवराकडे परत जाऊ शकतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा येऊ शकतो. धरलेला मासा सोडण्याला म्हणून इथे अर्थ आहे.

माशीने मासा

आता त्या कमरेएवढ्या पाण्यातल्या माणसाकडे वळू. आपल्याकडे खाडीवर गरवायला बसणारा माणूस गळाला कोळंबी किंवा गांडूळ लावतो, शिशाचं वजन बांधतो आणि ते भिरकावतो. वजन पुढे जातं, दोरी मागोमाग. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. गळावर असते ती ‘माशी’. खरी नव्हे, तर पिसं, लोकर, केस आणि रेशमी धागा यांनी गळाभोवती बांधलेली नक्कल. तिला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं जाड दोरीला. काठीने ती दोरी हवेत मागे-पुढे लहरवायची आणि पाण्यावर अंथरायची. तिच्या टोकाची माशी आपोआप पोचते. शिकायला सोपं दिसतं. नवशिक्याची माशी पहिले काही दिवस मागच्या झाडात नाहीतर स्वतःच्या टोपीत अडकते.

वसंताच्या तोंडावर कोणती माशी लावायची, यावर बाल्डविनच्या दुकानांत चहाच्या पेल्यांसह लांबलचक चर्चा झडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीतून बारीक काळे स्टोनफ्लाय नावाचे किडे बाहेर पडतात आणि चक्क बर्फावरून चालत जातात. त्यांची अळी पाण्याच्या तळाशी असते, म्हणून तशीच काळी नक्कल बांधतात. दुसरी नक्कल गाभोळीची. नारिंगी-गुलाबी लोकरीचा एवढासा गोळा, त्यात कसली कलाकुसर नाही. अंडी घालायला आलेला मासा फारसं खात नाही, पण नाकासमोरून अंडं वाहत गेलं की जुन्या सवयीने तोंड उघडतो.

आणि नदीतले स्थानिक ब्राऊन ट्राऊट? त्यांची तर पंगतच असते. स्टीलहेडच्या खळग्यांच्या थोडं खाली, जरा खोल पाण्यात ते रांगेने थांबतात. खणताना सुटलेलं एकेक अंडं प्रवाहातून येतं आणि पोटात जातं. हिवाळाभर उपाशी काढल्यावर असं आयतं जेवण कोण सोडेल! म्हणून मार्च-एप्रिलमध्ये इथे स्टीलहेड आणि ट्राऊट एकाच माशीला लागतात. फक्त काठीला जो हिसका बसतो, त्यावरून कोण आहे ते लगेच कळतं.

या मोसमात पहाटे उठायची गरज नाही, ही या छंदातली एक दुर्मीळ सोय. ऊन वर येऊन पाणी एखादा अंश तापलं, की मासा हलतो. तेव्हा सकाळी पोटभर खाऊन अकराला पाण्यात उतरलं तरी चालतं. माशी मात्र प्रवाहाच्याच वेगाने, तळाला लागून, काहीही ओढ न लागता वाहिली पाहिजे. एकाच डोहातून शंभर वेळा. आणि एकशे एकाव्या वेळी दोरी किंचित अडते. खडक? फांदी? तेवढ्यात काठी कमानीसारखी वाकते, रीळ किंचाळू लागतं आणि चाळीस हातांवर चार किलोंचं चांदीचं धूड पाण्याबाहेर उडतं. टोकाची दोरी जेमतेम तीन-साडेतीन किलोंचा ताण सहन करणारी. निम्म्याहून अधिक वेळा मासाच जिंकतो, असं इथले मुरलेले लोकही हसत हसत सांगतात.

चढणीच्या माशांचा प्रश्न

पण बाळंतपणाला आलेल्या माशावर गळ टाकायचा का?

प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. मृगाच्या पहिल्या पावसात कोकणात ‘चढणीचे मासे’ पकडायला सगळं गाव ओढ्यावर लोटतं. ते मासेही गाभोळी घेऊन वर चढत असतात. त्यांची चव काय वर्णावी! पण त्या टोपलीत पुढल्या वर्षाचे मासेही असतात, हे जुनेजाणते कोळी आणि शेतकरी जाणून असतात. म्हणूनच आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद ठेवतात.

मिशिगनमध्ये बहुतेक ट्राऊटच्या ओढ्यांवर एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत गळ टाकायलाच बंदी असते. पेर मार्केटच्या एका सुमारे बारा किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षभर परवानगी आहे, पण फक्त नकली माशीने, आणि धरलेला प्रत्येक मासा सोडण्याच्या अटीवर. कायदा तिथे थांबतो. पुढचं माणसाच्या शहाणपणावर. उथळ पाण्यात खणणारी मादी काठावरूनही स्पष्ट दिसते. तिच्या तोंडासमोरून दहा वेळा गळ फिरवला तर कुठेतरी अडकतोच, पोटात नाहीतर परात. याला शिकार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण कौशल्य म्हणू नये. चांगले वाटाडे आपल्या गिऱ्हाइकांना खळग्यांपासून दूर, मागच्या खोल पाण्यात नेतात आणि पाय कुठे ठेवायचा तेही दाखवतात. आजूबाजूचा तळ काळपट शेवाळी आणि मधेच स्वच्छ, फिकट खड्यांचा लंबगोल पट्टा दिसला तर तिथे अंडी आहेत. एक बूट पडला तर शेकडो चिरडतात.

सोडण्याचीही रीत आहे. गळाला उलटा काटा नको. हात आधी ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. फोटोचा मोह झालाच तर श्वास रोखता येईल तेवढ्याच वेळापुरता. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ धरायचं आणि तो स्वतः झटका देऊन जाईपर्यंत थांबायचं. ली वुल्फ या अमेरिकन लेखकाने १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात हा विचार मांडला, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. आज मिशिगनच्या नद्यांवर पोरंसोरंही तो पाळतात.

दत्तक घरी सुखी

स्टीलहेड या नद्यांमधला मूळचा नव्हेच. इथला खरा मानकरी होता ग्रेलिंग, शिडासारख्या पराचा एक देखणा मासा. एकोणिसाव्या शतकात पाईनची जंगलं तोडून ओंडके नद्यांमधून वाहवले गेले. त्यांनी तळ खरवडला, काठ ढासळले, आणि जे मासे उरले ते लोकांनी टोपल्या भरभरून नेले. १९३० च्या दशकापर्यंत मिशिगनमधून ग्रेलिंग संपला. ऑ साबल नदीवरच्या एका गावाला त्याचं नाव आहे. पाटीवर ग्रेलिंग, पाण्यात नाही. २०१६ पासून त्याला परत आणण्याचे प्रयत्न चालू झाले आहेत.

रिकाम्या होत चाललेल्या त्या घरात १८७६ साली कॅलिफोर्नियाच्या बाजूचा रेनबो आणला गेला, याच ऑ साबलमध्ये. जर्मनीहून आलेल्या अंड्यांमधली ब्राऊन ट्राऊटची सुमारे ४,९०० पिल्लं ११ एप्रिल १८८४ रोजी पेर मार्केटच्या बाल्डविन या शाखेत सोडली. रेनबोंपैकी काहींनी सरोवराची वाट शोधली, मोठे होऊन परतले, आणि स्टीलहेडचा नवा संसार मांडला.

संसारावर संकटही आलं. नायगारा धबधब्याला वळसा घालणारा कालवा खोदल्यावर लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू, सापासारखा जीव सरोवरांमध्ये शिरला. १९३६ साली तो मिशिगन सरोवरात दिसला. त्याच्या गोल तोंडात दातांची वर्तुळं असतात. माशाला जळूसारखा चिकटतो आणि शोषून काढतो. दोन दशकांत सरोवरातली मोठी मासळी जवळजवळ संपली. शेवटी हजारो रसायनं तपासून लॅम्प्रेच्या अळ्या मारणारं एक सापडलं आणि १९५८ पासून ते ओढ्यांमध्ये सोडलं जाऊ लागलं. हे काम संपलेलं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे ते आखडतं घ्यावं लागलं, तर लॅम्प्रेंनी लगेच डोकं वर काढलं. १९६६ साली सरोवरात कोहो सामनही आला, आणि आता लिट्ल मॅनिस्टी या शेजारच्या नदीवर दर वसंतात सरकारी माणसं स्टीलहेड अडवून त्यांची गाभोळी पिळून घेतात. त्यातून वाढवलेली पिल्लं कितीतरी नद्यांना पुरवली जातात. पेर मार्केटमधले बहुतेक स्टीलहेड मात्र नदीतच जन्मलेले, तिथलेच.

माहेरी मात्र

दत्तक घरी असा रुळलेला हा मासा त्याच्या मूळ माहेरी अडचणीत आहे, ही यातली दुखरी गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाऊड नदीकाठच्या सरकारी केंद्रातून १८८० च्या दशकात ट्राऊटची अंडी देशभर गेली. त्या नदीची समुद्राकडची वाट १९४५ साली पुऱ्या झालेल्या शास्ता धरणाने बंद केली. दक्षिण कॅलिफोर्नियातला स्टीलहेड १९९७ साली केंद्र सरकारच्या आणि २०२४ साली राज्याच्याही संकटग्रस्त जीवांच्या यादीत गेला. शहरांनी पाणी उचललं, ओढे काँक्रीटमध्ये गेले, उरलेल्या पाण्याला धरणं आडवी आली.

वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीची हकिगत मात्र ऐकण्यासारखी आहे. समुद्रापासून फक्त आठ किलोमीटरवर १९१३ साली तिथे धरण उभं राहिलं, माशांसाठी वाट न ठेवता. त्याच्या वर १९२७ साली दुसरं. वरच्या पाण्यात अडकलेले मासे तिथेच रेनबो म्हणून राहिले. पिढ्यान् पिढ्या समुद्र न पाहिलेले. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं पाडण्यात आली. आणि मग उन्हाळ्यात समुद्रातून पोलादी अंगाचे स्टीलहेड नदीत येऊ लागले. शास्त्रज्ञांनी त्यांची जनुकं तपासली. धरणाच्या वर अडकलेल्या त्या रेनबोंशी ती जुळत होती! शंभर वर्षं गावीच राहिलेल्या भावाच्या नातवंडांनी वाट मोकळी होताच समुद्र गाठला होता.

मिशिगनमध्येही सगळं आलबेल नाही. अलीकडच्या वर्षांत मासे कमी येतात अशी ओरड गळवाल्यांनीच सुरू केली आणि नियम कडक करा असा धोशाही त्यांनीच लावला. २०२२ पासून तिथल्या काही नद्यांच्या ठरावीक पट्ट्यांत १५ मार्च ते १५ मे या काळात माणशी दिवसाला एकच स्टीलहेड ठेवता येतो. आपल्याच टोपलीवर आपणच झाकण घालायला लावणारे मासेमार विरळाच.

मे उजाडला की बाल्डविनजवळच्या रानात पालवी फुटते, चिलटं चावू लागतात आणि दहा फुटी काठ्या घरी जातात. नदीतून स्टीलहेड खाली निघालेले असतात. शेपटीने पुढे खणणारी मादी आता शेपटीकडूनच, प्रवाहाच्या आधाराने, डोह-डोह थांबत मागे सरकते. अंगावर मांस नसतं, पण भूक परतलेली असते. समोर येईल त्या किड्यावर आणि पिल्लावर ती झडप घालते. सरोवर अजून कित्येक वळणं खाली आहे.